घासाघीस न करणारं गिऱ्हाईक

कुठल्याही कागदावर सही करायची वेळ आली की ती घटना मला आजही आठवते आणि हात जरा थांबतो. बँकेतली बाई विचारते, "एव्हरीथिंग ओके, सर?" सगळं ओकेच असतं. पण एकदा माझ्या सहीवर दोन जीव लोंबकळत होते आणि मी ती सही जवळजवळ करून बसलो होतो.

डोंबिवलीहून मी सिडनीला शिकायला आलो आणि पोलीस झालो. आमची आई बरीच वर्षं शेजाऱ्यांना "तिकडे सरकारी नोकरीत आहे" एवढंच सांगायची. नोकरीची शेवटची वर्षं मी शहराच्या पश्चिमेकडल्या एका ठाण्यात शस्त्रपरवान्याच्या टेबलावर काढली. पोलीस म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर पाठलाग येतो. माझ्या हातात मात्र मोजायची टेप असायची. लोकांच्या घरी जायचं, बंदुकीची तिजोरी भिंतीला नीट ठोकली आहे का ते पाहायचं, बोल्ट मोजायचे, अनुक्रमांक जुळवायचे आणि अहवाल लिहायचा.

इथला कायदा कडक आहे. रिव्हॉल्व्हर किंवा पिस्तूल पाहिजे असेल तर कारण द्यावं लागतं आणि "स्वसंरक्षण" हे कारण चालत नाही. बहुतेक जण नेमबाजीच्या क्लबचे सभासद होतात. सहा महिने क्लबच्याच हत्यारांवर सराव, मग स्वतःचं घेण्यासाठी अर्ज आणि त्या अर्जावर अठ्ठावीस दिवस थांबायचं. अंतिम निर्णय वरच्या कार्यालयाचा, पण ठाण्याचा अहवाल माझा. माझ्या अहवालाविरुद्ध वरून निर्णय झाल्याचं मला तरी आठवत नाही.

एका मंगळवारी सकाळी आमच्या भागातल्या बंदुकीच्या दुकानदाराचा फोन आला. सत्तरीचा म्हातारा, तोंडाळ पण सरळ. दोस्ताला म्हणतात तसं सगळ्यांना मेट म्हणायचा.

"मेट, तुझ्याकडचा एक माणूस येऊन गेला."

"माझ्याकडचा म्हणजे?"

"इंडियन. तुझ्यासारखंच बोलतो. रिव्हॉल्व्हरचे पूर्ण पैसे भरून गेलाय. कागद आले की घेऊन जाईल."

"मग बिघडलं काय?"

"कुरकुर केली नाही," म्हातारा म्हणाला.

हे समजायला त्याच्या दुकानात उभं राहायला हवं. रिव्हॉल्व्हरचे वाढलेले भाव हे त्याचं कायमचं रडगाणं. पूर्वी चांगल्या फ्रिजच्या किमतीत यायचं, आता जुन्या गाडीच्या भावाला लागलंय. बनवणारे थोडे उरले, एकेक भाग हाताने बसवावा लागतो, त्यात समुद्रापलीकडून आणायचा खर्च. तेवढ्या पैशात बरी दोन पिस्तुलं येतात आणि त्यांत गोळ्याही जास्त मावतात. "मग घेऊ की नको?" असं गिऱ्हाइकाने विचारलं की म्हातारा एकच उत्तर द्यायचा: रिव्हॉल्व्हर अडकत नाही, बिघडत नाही, विकायला काढलं तरी किंमत येते. जन्मभर ठेवणार असाल तर महाग नाही. वर्षभर खेळून सोडणार असाल तर पैसे पाण्यात. यावर प्रत्येक गिऱ्हाईक अर्धा तास वाद घालायचं, जुनं आहे का विचारायचं, काहीतरी कमी करा म्हणायचं.

"या माणसाने यातलं काही ऐकलंच नाही. सगळ्यात सोपं कुठलं ते विचारलं, आणि कधी मिळेल ते विचारलं. डोळ्यांसाठी चष्मा घेतला नाही, कानांवरची कव्हरं नाहीत, साफ करायचं तेलसुद्धा नाही. इतक्या वर्षांत मी असा खेळाडू पाहिला नाही."

मी कागद काढले. अर्ज माझ्याच टेबलावर होता. चाळिशी उलटलेला इंजिनिअर, मूळचा पुण्याकडचा, शिकायला आला आणि इथेच स्थायिक झाला. घर वेंटवर्थव्हिलला. घरात बायको आणि बारावीतली मुलगी. गुन्हा नाही, तक्रार नाही, वेगाचा दंडसुद्धा नाही. अठ्ठावीस दिवसांतले नऊ उरले होते.

मनात पाल चुकचुकली, आणि तिच्यामागे दुसरी. आपल्याकडचा माणूस म्हणून मी उगीच संशय घेतोय का? की आपल्याकडचा म्हणून उद्या डोळेझाक करीन? परक्या मुलखात आपल्या माणसाची चौकशी करणं हे अवघड जागेचं दुखणं आहे. दोन्हीकडून चुकण्याची भीती.

दोन दिवसांनी तिजोरी तपासायला मी त्याच्या घरी गेलो. दुपारचे चार वाजले होते. दार बायकोने उघडलं. हॉस्पिटलचा गणवेश अजून अंगावर होता. ती जवळच्या वेस्टमीड हॉस्पिटलात नर्स होती. माझ्या छातीवरचं आडनाव तिने दोनदा वाचलं.

"नमस्कार वहिनी," मी म्हणालो. "घाबरू नका, तिजोरी बघायला आलोय फक्त."

"या," ती म्हणाली आणि बाजूला झाली.

नवरा आतून आला. मराठी पोलीस बघून त्याला केवढा आनंद. "अरे वा, सर, आपलेच निघालात की! अगं, पोहे टाक." नियमाप्रमाणे मी काही घ्यायला नको होतं, पण पोह्यांचा वास आला आणि मी माणसात आलो. पोहे होईपर्यंत त्याने मला गॅरेज दाखवलं. तिजोरीत खोट काढायला जागा नव्हती. चार बोल्ट, पक्की भिंत, किल्ली त्याच्याच कमरेला.

"शेजारी घर सोडून चालला होता, अर्ध्या किमतीत मारली," तो खुशीत म्हणाला. "हे ड्रिल, याच्यासाठी तीन दुकानं फिरलो. तूरडाळ घेता ना तुम्ही? स्टेशनजवळच्या दुकानात घेऊ नका, पुढच्या गल्लीत पन्नास सेंटने स्वस्त आहे."

दहा मिनिटं त्याने मला गॅरेजमधल्या प्रत्येक वस्तूचा भाव सांगितला. माणूस खरा आपल्यातला होता. मग मी सहज म्हणालो, "रिव्हॉल्व्हरचे भाव मात्र भडकलेत हो. तेवढ्यात दोन पिस्तुलं आली असती."

"जे आहे ते आहे, सर."

"जुनं नाही बघितलंत?"

"नवीन लगेच मिळतंय ना."

तोच माणूस, तीच जागा, पण आवाज एकदम सपाट. पन्नास सेंटसाठी गल्ली बदलणारा माणूस आयुष्यातल्या एका महाग खरेदीवर एक शब्द बोलायला तयार नव्हता.

स्वयंपाकघरात पोहे खाताना फ्रिजकडे लक्ष गेलं. चुंबकाखाली नेमबाजीचे सात-आठ कागद एकावर एक लावलेले होते. सगळ्यात वरच्या कागदावर छिद्रं अगदी मधोमध. काहीतरी बोलायचं म्हणून मी बोललो, "वा, नेम छान आहे हं."

"तिला विचारा," नवरा म्हणाला. "दर रविवारी तीच लावते. हो ना?"

ती ओट्याकडे तोंड करून उभी होती. "हो," म्हणाली.

निघताना दारात मुलगी भेटली. शाळेची बॅग पाठीवर, एका हातात जोडे. तिने इंग्रजीत विचारलं, "आर यू कमिंग बॅक?"

"नाही बाळा," मी म्हणालो. "काम झालं."

ती मान हलवून आत गेली. गाडीत बसून मी तपासणीचा फॉर्म भरला. सगळ्या रकान्यांत बरोबरच्या खुणा झाल्या. सहीची जागा तेवढी मी रिकामी ठेवली.

दुसऱ्या दिवशी वरिष्ठांकडे गेलो. बाई हुशार होत्या, ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "घासाघीस केली नाही, हे कारण मी कुठल्या रकान्यात लिहू?" त्यांचं बरोबर होतं. घासाघीस न करणं हा कुठल्याच देशात गुन्हा नाही. मी क्लबच्या कॅप्टनला फोन लावला. माणूस वेळेवर येतो, नेम मारतो, कोणाशी बोलत नाही, चहाला थांबत नाही. आणि हो, सभासदत्व महिनाअखेर संपतंय, ते अजून पुढे भरलेलं नाही.

ज्याला खेळायचं आहे तो सभासदत्व संपू देईल का? पण बाईंच्या मते तोही विसराळूपणा असू शकत होता. मी त्याला ठाण्यात बोलावलं. चार दिवस उरले होते.

चौकशीचा एक धडा मला जुन्या लोकांनी दिला होता. ज्या गोष्टीची समोरच्याने तयारी केली आहे, ती विचारायचीच नाही. घर, भांडण, राग यांची उत्तरं त्याने घोकून आणली असणार. मी त्याला रिव्हॉल्व्हर परवडतं का, एवढंच विचारत बसलो. बोलणं इंग्रजीत सुरू झालं, मध्येच मराठीत घसरलं. रेकॉर्डर चालू होता.

"अहो, एवढे पैसे घालताय. म्हातारा म्हणतो, जन्मभर वापरलं तरच वसूल. क्लबचे पैसे भरलेत ना पुढचे?"

"भरीन."

"आणि विकायची वेळ आली तर? दहा वर्षांनी काय किंमत येईल, काही अंदाज?"

तो हसला. "दहा वर्षांनंतरचं कोण बघतंय, सर?"

आपल्याकडे हे वाक्य कोणीही बोलतं. घराचा हप्ता, गुडघेदुखी, कशावरही. पण ते बोलल्यावर त्याचं हसू मावळलं आणि तो माझ्याकडे बघत राहिला. आपण काय बोललो ते त्याला कळलं होतं, आणि मला कळल्याचंही त्याला कळलं होतं. समोर बसलेल्या माणसाची मला भीती वाटली, असं नोकरीत फार वेळा झालं नाही.

बाईंना मी वाक्याचं भाषांतर करून दिलं. इंग्रजीत त्यात काही उरलं नाही.

उठताना त्याने खुर्ची नीट आत सरकवली आणि अगदी घरगुती आवाजात विचारलं, "तुमच्या वहिनीने काही सांगितलं का हो तुम्हाला?"

"नाही," मी म्हणालो, आणि ते खरंच होतं.

तो गेल्यावर मी तिथेच बसून राहिलो. तुमच्या वहिनीने. शब्द माझाच होता, त्याने मला परत केला होता. वहिनी म्हणजे कोण? भावाची बायको. दारात पाऊल ठेवायच्या आधी मी त्या बाईला वहिनी म्हणालो आणि आपसूक त्याचा भाऊ झालो. मग त्याच्या घरचे पोहे खाल्ले, त्याच्या डाळीचे भाव ऐकले आणि तिच्यासमोर त्याच्या नेमाचं कौतुक केलं. तिने मला सांगावं तरी का? पंचवीस वर्षं मी प्रत्येक मराठी घरात हेच बोलत आलो होतो आणि त्याला अदब समजत होतो. स्वतःची एवढी लाज मला कधी वाटली नव्हती.

दुसऱ्या दिवशी, तीन दिवस उरलेले असताना, एका महिला कॉन्स्टेबलला घेऊन मी वेस्टमीडला गेलो. शिफ्ट सुटायच्या वेळी कार पार्कच्या वरच्या मजल्यावर उभे राहिलो. ती आली. मला बघून जागीच थांबली. किल्ली हातात, पण गाडी उघडेना.

"ताई," मी म्हणालो, "मी त्यांचा कोणी लागत नाही. मी तुमच्याशी बोलायला आलोय."

तिने आधी कॉन्स्टेबलकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"त्या दिवशी मी ठरवून ठेवलं होतं," ती म्हणाली. "पोलीस येणार हे मला माहीत होतं. ते गॅरेज बंद करत असतील तेवढ्यात सांगायचं. वाक्यसुद्धा पाठ केलं होतं, इंग्लिशमध्ये. दार उघडलं तर तुम्ही. आणि पहिला शब्द काय, तर वहिनी. म्हटलं, झालं. हा पण त्यांच्याकडचाच."

"चुकलं माझं."

"आणि वर म्हणालात, नेम छान आहे."

ती मग गाडीला टेकून बोलत राहिली, रडली नाही. आठ महिन्यांपूर्वी तिने नवऱ्याला सांगितलं होतं की मुलीला सिडनीबाहेर वॉलॉंगॉंगच्या युनिव्हर्सिटीत प्रवेश मिळाला की आपण दोघी तिकडेच राहायला जाणार. मला वेगळं व्हायचंय. तो ओरडला नाही, हात उचलला नाही. पुढच्या आठवड्यात क्लबचा सभासद झाला. दर रविवारी आला की कागद तिच्या हातात द्यायचा आणि म्हणायचा, लाव. फ्रिजवर जिथे मुलीची लहानपणची चित्रं होती, तिथेच. अर्ज केल्यापासून स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर रोज एक तारीख खोडायची, तीही तिनेच. जेवायला बसला की विचारायचा, "किती राहिले?"

"धमकी अशी एकदाही दिली नाही हो त्यांनी. मी काय सांगणार होते कुणाला? कॅलेंडर खोडायला लावतात म्हणून?"

"आज किती राहिले?" कॉन्स्टेबलने इंग्रजीत विचारलं. तिला मराठी येत नव्हतं, पण मी भाषांतर करत होतो.

"थ्री," ती म्हणाली. तिला मोजावं लागलं नाही.

ठाण्यात तिचा जबाब झाला. मुलीला शाळेतून परस्पर आणलं. मुलीने फोनमध्ये कॅलेंडरचे रोजचे फोटो काढून ठेवले होते, कोणाला दाखवायचे ते माहीत नसताना. बाईंनी जबाब वाचला, फोटो पाहिले आणि दुसरा प्रश्न विचारला नाही. तासाभरात संरक्षणाचा तात्पुरता आदेश निघाला. असा आदेश लागला की शस्त्रपरवाना त्या क्षणी गोठतो. मी अहवालावर "शिफारस नाही" लिहिलं आणि सही केली.

आदेश बजावायला आम्ही तिघे गेलो. मायलेकी तोवर एका मैत्रिणीकडे पोचल्या होत्या. त्याने चष्मा लावला आणि दारातच कागद शेवटपर्यंत वाचला. तिजोरी आम्ही उघडून पाहिली, ती रिकामीच होती. आता हा काय करील म्हणून मी त्याच्या हातांकडे बघत होतो.

"दुकानात मी पूर्ण पैसे भरलेत," तो म्हणाला. "रिफंड मिळेल ना? कॅन्सलेशन फी कापली तर मी सोडणार नाही, सांगून ठेवा त्याला."

बरोबरचे दोघे एकमेकांकडे बघू लागले. मी मात्र दाराची चौकट धरली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तो त्या रिव्हॉल्व्हरच्या पैशाविषयी बोलला होता. त्याला पुन्हा पैशाची गरज लागणार होती, म्हणजे त्याच्या हिशेबात पुन्हा उद्या आला होता.

पुढे कोर्टाने आदेश कायम केला. तो शेवटपर्यंत म्हणत राहिला की नेमबाजी हा त्याचा छंद होता आणि बायकोने राईचा पर्वत केला. कदाचित खरंही असेल. कागदोपत्री काहीच घडलं नाही. मी कोणाला वाचवलं असं छातीठोकपणे सांगता येत नाही, आणि ते सांगता येत नाही हेच बरं, असं बाई म्हणायच्या. मायलेकी वॉलॉंगॉंगला गेल्या. त्यानंतर बरेच महिने ठाण्यातला पोलीस रेडिओ खरखरला की तिकडचा पत्ता ऐकू येतोय का, म्हणून मी कान टवकारायचो.

ते रिव्हॉल्व्हर अजून म्हाताऱ्याच्या काचेच्या कपाटात आहे. त्याने पैसे पुरते परत केले, पण नंतर ते कोणाला विकलं नाही. किमतीची चिठ्ठी मात्र दोनदा बदलली. मागे भेटलो तेव्हा म्हणाला, "तेव्हा तू घेतलं असतंस तर आज फायद्यात असतास." जन्मभर सांभाळणाऱ्याला अजूनही परवडतं, हे त्याचं म्हणणं मला पटतं. भाव कितीही चढो, जो कुरकुर करतो, जुनं शोधतो, विकताना काय येईल ते विचारतो, त्याच्या कागदावर मी पुढे निर्धास्त सही केली. कुरकुर करणारा माणूस पुढची वर्षं धरून चाललेला असतो.

पण मी शिकलो ते बंदुकीबद्दल नव्हे. आपली भाषा गोड आहे, परक्यालाही नात्यात ओढून घेते. पण नात्यात ओढताना ती बाजूही ठरवून टाकते, आणि हे मला नोकरी संपत आल्यावर कळलं. त्या दिवसापासून मी कोणालाच वहिनी म्हणत नाही. थेट नाव विचारतो. आमची ही म्हणते, "बायकांना नावं काय विचारत सुटता, लोक हसतात." हसू देत.

मागच्या महिन्यात आमच्याकडे हळदीकुंकवाला बऱ्याच जणी आल्या होत्या. एक नवं जोडपं होतं, नुकतंच या भागात राहायला आलेलं. नवरा दिलखुलास, आल्या आल्या मला म्हणाला, "काका, ही आमची मिसेस." मी तिला नाव विचारलं. तिने सांगितलं. नवरा चहा घ्यायला आत गेला, तरी ती तिथेच उभी राहिली. दरवाजाकडे एकदा बघून तिने हळूच विचारलं, "तुम्ही पोलिसात आहात ना? तुमचा नंबर मिळेल?"

मी नंबर लिहून दिला. रिटायर झालोय, हे तिला सांगितलं नाही.